गेम स्टुडिओत छळ झाला तर: तक्रारीचा रस्ता, घड्याळ आणि कागद

२ जुलै २०२५ रोजी पॅरिसलगतच्या बोबिन्यी इथल्या न्यायालयानं युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सर्जनशील विभागाचे एकेकाळचे प्रमुख सर्ज आस्कोए यांना मानसिक छळ आणि लैंगिक छळातली साथ याबद्दल १८ महिन्यांची स्थगित कैद आणि ४५ हजार युरो दंड झाला. तोमा फ्रांस्वा यांना लैंगिक छळ, मानसिक छळ आणि लैंगिक हल्ल्याचा प्रयत्न यासाठी ३ वर्षांची स्थगित कैद आणि ३० हजार युरो, तर गियोम पात्रू यांना मानसिक छळाबद्दल १२ महिन्यांची स्थगित कैद आणि १० हजार युरो. आरोप उघड झाले होते २०२० च्या उन्हाळ्यात. कर्मचारी संघटनेनं पीडितांसह फिर्याद दिली २०२१ मध्ये, पोलिसांनी माणसं ताब्यात घेतली ऑक्टोबर २०२३ मध्ये, सुनावणी झाली जून २०२५ मध्ये. एवढं होऊनही त्या खटल्यात कंपनी स्वतः आरोपी नव्हती.

याच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. परदेशी गेमसाठी कलाकाम आणि चाचणी करून देणाऱ्या कंपन्याही महाराष्ट्रात आहेत. यातल्या कुठल्याही ठिकाणी नोकरीला लागलेल्या मुलीला फ्रान्सचा निकाल थेट उपयोगी पडत नाही. तिच्या हातात आहे तो कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात. कायदा बरा आहे, पण त्याची घड्याळं कडक आहेत. तक्रार खरी असूनही पडते, ती बहुतेक वेळा मुदत उलटल्यामुळे, चुकीच्या दारावर गेल्यामुळे किंवा कागद नसल्यामुळे. म्हणून इथं भर या तीन गोष्टींवर आहे.

रुजू होताना: दहा मिनिटांची तपासणी

ज्या ठिकाणी १० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. प्रत्येक कार्यालयाची वेगळी समिती लागते. मुख्यालय बंगळुरूला आणि समितीही फक्त तिथंच, पुण्याच्या शाखेत कुणी नाही, असं चालत नाही. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य असतात, एक सदस्य बाहेरची असते (महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार), आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी भागात लावायचं बंधन मालकावर आहे. तो भिंतीवर दिसला तर फोटो काढून ठेवा. दिसला नाही तर एचआरला एका ओळीची मेल पाठवा: ‘आपल्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि संपर्क कळवावेत.’ रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात ही मेल गेली तर कुणाला वावगं वाटत नाही. प्रसंग घडल्यावर गेली तर सगळ्यांना वास येतो.

उत्तरात दोन गोष्टी बघा. बाहेरच्या सदस्याचं नाव आहे का? आणि समितीत तुमच्याच प्रॉडक्शनचा वरिष्ठ बसला आहे का? पहिली उणीव असेल तर पुढची सगळी चौकशी अपिलात ढासळू शकते. दुसरी असेल तर तक्रार करताना त्या सदस्याला बाजूला ठेवायची लेखी मागणी करायची, हे लक्षात ठेवा.

कंपनी मोठी असेल तर तिच्या वार्षिक अहवालातलं संचालक मंडळाचं निवेदन उघडून बघा. वर्षात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांपेक्षा जास्त काळ किती रखडल्या, हे आकडे २०२५ पासून तिथं द्यावे लागतात. छोट्या कंपन्यांना यातून सूट आहे. शेकडो माणसांच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं शून्य तक्रारी दिसल्या तर खूश होऊ नका. तिथं तक्रारीचं दार कुणाला माहीत नाही, असाही त्याचा अर्थ असतो.

१० पेक्षा कमी माणसांच्या स्टुडिओत अंतर्गत समिती नसते. आपल्याकडचे बरेच स्वतंत्र गेम बनवणारे चमू असेच चार-सहा जणांचे असतात. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर कंपनी कितीही मोठी असो, दार स्थानिक समितीचंच. ती नेमायची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची असते. ही समिती कुठं आहे हे विचारायला सुरुवात जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून करावी. केंद्र सरकारचं शी-बॉक्स हे संकेतस्थळही आहे. तिथं नोंदवलेली तक्रार संबंधित समितीकडे पाठवली जाते, आणि मुख्य म्हणजे दाखल केल्याची तारीख तुमच्याकडे राहते.

कुठल्या कायद्यात बसतं, हे आधी ठरवा

गेम उद्योगातल्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात, आणि नवखी माणसं त्या एकाच अर्जात कोंबतात.

पहिला प्रकार लैंगिक छळाचा. नको असताना केलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसंबंधाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रं किंवा चित्रफिती दाखवणं, आणि या जातीचं कुठलंही नकोसं वागणं, मग ते बोलण्यातून असो, खुणांनी असो वा हावभावांनी. ‘ऐकलंस तर प्रमोशन’ किंवा ‘नाही म्हणालीस तर कंत्राट संपलं’ असं सुचवणंही यातच येतं. करणाऱ्याचा हेतू गमतीचा होता का, हा प्रश्न दुय्यम आहे. तिला ते नको होतं का, हा मुख्य.

कलाविभागात इथं एक पेच येतो. पात्रांची शरीरं घडवताना नग्न संदर्भचित्रं लागतात, तो कामाचा भाग आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शरीररचनेची चित्रं असणं म्हणजे छळ नव्हे. तेच चित्र रात्री अकराला एका सहकारी मुलीला खासगीत पाठवून वर तिच्या अंगाशी तुलना करणं हा छळ आहे. तक्रारीत हा फरक स्वतःहून मांडा, कारण समोरचा पहिला बचाव ‘ते तर रेफरन्स होतं’ हाच करणार.

दुसरा प्रकार मानसिक छळाचा: सगळ्यांसमोर अपमान, ओरडणं, एकट्याला वेगळं पाडणं, अशक्य मुदती. फ्रान्समध्ये हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि युबिसॉफ्टच्या तिन्ही दोषसिद्धींत तो होता. भारतात खासगी नोकरीतल्या अशा छळासाठी वेगळा कायदाच नाही. हे कटू आहे, पण नव्या माणसाला ते स्पष्ट सांगायला हवं. पॉश समितीपुढे निव्वळ ‘लीड, म्हणजे चमूचा प्रमुख, सारखा ओरडतो’ एवढंच नेलं तर समिती अधिकार नाही म्हणून परत पाठवेल, आणि ते योग्यच असेल. अशा तक्रारीसाठी कंपनीची आचारसंहिता आणि शिस्तभंगाची प्रक्रिया, एवढाच मार्ग उरतो. मात्र नकार दिल्यानंतर ओरडणं सुरू झालं असेल, तर ते लैंगिक छळाचाच पुढचा भाग ठरतं. क्रम दाखवता आला पाहिजे.

तिसरा प्रकार पगार आणि बढतीतल्या भेदभावाचा. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या अमेरिकी गेम कंपनीचं प्रकरण इथं समजून घेण्यासारखं आहे. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागानं खटला भरला तेव्हा मथळे सगळे लैंगिक छळाचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी डॉलरची तडजोड झाली ती प्रामुख्यानं महिलांच्या पगार-बढतीबद्दल. व्यापक लैंगिक छळाचे आरोप कुठल्याही न्यायालयानं वा स्वतंत्र चौकशीनं सिद्ध केलेले नाहीत, असं तडजोडीत नमूद झालं. त्याआधी अमेरिकेच्या केंद्रीय समान रोजगार आयोगाबरोबर १ कोटी ८० लाख डॉलरची वेगळी तडजोड झाली होती. एकाच कंपनीवर, एकाच काळात, वेगवेगळ्या यंत्रणांनी वेगवेगळ्या पायावर कारवाई केली. आपल्याकडेही पॉश समिती पगारातल्या तफावतीवर निर्णय देऊ शकत नाही. तो मुद्दा वेगळ्या अर्जात घाला.

पॉशखाली तक्रार फक्त महिलेला करता येते. पुरुष कर्मचाऱ्यासाठी कंपनीचं धोरण स्त्री-पुरुष न पाहता लिहिलेलं असेल तर अंतर्गत चौकशी होते, नाहीतर उरतात फौजदारी कलमं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो नेमला आहे का, हे विचारून घ्या.

कंत्राटी टेस्टर, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी इंटर्न, सगळ्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसतात. कंत्राटी मुलींना नेमकं उलटं सांगितलं जातं, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. कामाची जागाही फक्त ऑफिस नसते. रात्री उशिरा सोडणारी कंपनीची गाडी, गेम बाजारात आल्याची पार्टी, गेम परिषदेसाठीचा प्रवास, घरून काम करताना चालणारा व्हॉइस चॅनल, सगळं त्यात येतं.

पहिल्या ४८ तासांतली नोंद

वही किंवा फोनमधली खासगी नोंद, जी असेल ती, पण कंपनीच्या लॅपटॉपवर नको. राजीनामा दिला किंवा निलंबन झालं की त्या क्षणी प्रवेश बंद होतो. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, तुम्ही काय उत्तर दिलंत. शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवी. ‘अश्लील बोलला’ हे वर्णन चौकशीत कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

चॅटचे पुरावे घेताना गेमवाल्यांची एक नेहमीची चूक होते. डिस्कॉर्ड या चॅट सेवेवर ताज्या संदेशापुढे ‘आज’ किंवा ‘काल’ एवढंच दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट तीन महिन्यांनी दाखवला की तारीख कुठली, हा वाद सुरू. वेळेवर माउस नेला की पूर्ण तारीख उमटते, ती दिसत असताना चित्र घ्या. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करून संदेशाचा क्रमांकही कॉपी करून ठेवा. त्या क्रमांकातच पाठवल्याची वेळ दडलेली असते. स्लॅक या ऑफिसच्या चॅट सेवेवर संदेशाची लिंक कॉपी केली की तिच्यातही वेळ असते. समोरच्यानं डिस्कॉर्डवरचा संदेश पुसला तर तो सगळ्यांसाठीच जातो, म्हणून त्याच दिवशी घ्या. गेममधल्या बोलण्याचं सहसा ध्वनिमुद्रण नसतं. तिथं त्या वेळी चॅनलवर कोण कोण होतं ती नावंच तुमचा पुरावा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. घाबरून संपूर्ण चॅनल किंवा अख्खा मेलबॉक्स स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवायचा. त्यात प्रकाशित न झालेल्या गेमचा मजकूर असतो, गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते, आणि कंपनीची यंत्रणा अशा पाठवण्या टिपते. मग तक्रार बाजूला पडते आणि तुमच्यावरच नोटीस येते. फक्त छळाचे संदेश घ्या. चित्रात बिल्डचा (बनत असलेल्या गेमच्या आवृत्तीचा) पडदा, पात्र किंवा प्रकल्पाचं सांकेतिक नाव आलं तर ते झाका, पण मूळ चित्रही न पुसता ठेवा. बाकीचं समितीला मागवू द्या. कागदपत्रं मागवण्याचे आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तिला आहेत. त्यासाठी तक्रारीतच लिहा: अमुक चॅनल, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, संदेश आणि लॉग जपून ठेवावेत. हे वाक्य पहिल्या दिवशी गेलं नाही तर ठरावीक काळानं आपोआप पुसले जाणारे संदेश कायमचे जातात.

मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. समिती पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेली नसते, पण प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं.

तीन महिने

प्रसंग घडल्यापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार गेली पाहिजे. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून ३ महिने. उशीर का झाला हे पटलं तर समिती कारणं नोंदवून आणखी जास्तीत जास्त ३ महिने देऊ शकते. त्यापुढे नाही.

गेम बनवताना या तीन महिन्यांचं काय होतं ते ज्यांनी क्रंच, म्हणजे गेम बाहेर पडण्याआधीची जादा तासांची धावपळ, बघितला आहे त्यांना सांगायला नको. ‘गेम बाहेर पडू दे, मग बघू’ असं लीड म्हणतो, निर्माता म्हणतो, कधी कधी मनापासूनही म्हणतो. गेमची तारीख एकदा पुढे ढकलली की मुदत संपली. तोंडी बोलणं, एचआरबरोबर चहा, लीडला केलेला मेसेज, यातलं काहीही घड्याळ थांबवत नाही. तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावे, लेखी. नियमानं सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. मेलनं पाठवलीत तरी छापील प्रती देऊन पोच घ्या. मराठीत लिहिली तरी चालते. लिहिता येत नसेल तर मदत करणं समितीचं कर्तव्य आहे. आजारपणामुळे किंवा मानसिक धक्क्यामुळे शक्य नसेल तर नातेवाईक, मैत्रीण, सहकारी यांनाही दाखल करता येते.

तक्रार लिहिताना विशेषणं कमी आणि घटना जास्त. ‘माझा लीड अनेक महिने गैरवर्तन करतो आहे आणि वातावरण विषारी आहे’ हे वाचून चौकशी कशाची करायची? त्याऐवजी असं: ‘१२ मार्च रोजी सायंकाळी सातच्या सुमारास चाचणी कक्षात श्री. अमुक यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढील शब्द उच्चारले. मी हात काढून बाहेर गेले. अमुक व तमुक हजर होते. त्याच रात्री १०.४० वाजता त्यांनी मला पाठवलेला संदेश जोडला आहे, क्र. ३.’ प्रत्येक प्रसंगाला वेगळा परिच्छेद आणि क्रमांक. शेवटी मागण्या: चौकशी, अंतरिम संरक्षण, लॉग जपणं, हितसंबंध असलेल्या सदस्याला वगळणं. दोन ते चार पानं पुरतात.

दाखल करण्याआधी किंवा नंतर समाजमाध्यमावर लिहावं का, हा प्रश्न हमखास येतो. २०२० मध्ये परदेशातल्या गेम कंपन्यांचं मौन फुटलं ते ट्विटरवरच, हे खरं. पण आपल्याकडे तक्रारीचा मजकूर, दोन्ही बाजूंची नावं आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला पॉशनंच मनाई केली आहे, आणि भारतात अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. ज्याच्याकडे वकिलाचा खर्च आहे त्याला तुमची पोस्ट हे आयतं हत्यार मिळतं. तक्रार आधी. पोस्टचा विचार करायचाच असेल तर वकिलाला विचारून.

चौकशी कशी चालते

तक्रारीची प्रत ७ कामकाजी दिवसांत समोरच्याला जाते. त्यानं १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकानं अंमल करायचा. बेरीज केली तर सव्वापाच महिने. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात. वकील कुणालाच आणता येत नाही, पण घरी बसून वकिलाकडून कागद तपासून घ्यायला कुणाची हरकत नाही. सलग तीन सुनावण्यांना कुणी विनाकारण गैरहजर राहिलं तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन समिती एकतर्फी निर्णय देऊ शकते. हे तक्रारदारालाही लागू आहे. सुनावणी चुकवू नका.

सुरुवातीला ‘समेट’ सुचवला जाईल. समेट फक्त तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकतो, आणि त्याचा पाया पैसा असू शकत नाही. एकदा समेट झाला की चौकशी होत नाही. नको असेल तर लेखी ‘नको’ म्हणा.

चौकशी लवकर संपावी असं सगळ्यांना वाटतं, पण घाईची चौकशी तक्रारदाराच्याच मुळावर येते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीनं काही दिवसांत बैठकांचा सपाटा लावला, बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द ठरवली. २००९ ची चौकशी चौदा वर्षांनी पुन्हा समितीकडेच परत गेली. म्हणून समोरच्याला तुमचे पुरावे दिले गेले का, त्याला प्रश्न विचारायची संधी मिळाली का, याची काळजी तक्रारदारानंही घ्यावी. उलटतपासणी समोरासमोर नको असेल तर प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारण्याची मागणी करता येते. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त वाचूनच सही करा. चुकलं असेल तिथं लिहा आणि मग सही.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. खोट्या तक्रारीबद्दल कारवाईचं कलम आहे खरं, पण पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून ते लावता येत नाही. हे कलम दाखवून घाबरवणारे भेटतात.

सूड कुठून येतो

गेम उद्योगात सूड क्वचितच नोकरीवरून काढण्याच्या रूपात येतो. कंत्राटी टेस्टरचं कंत्राट पुढे वाढत नाही. गेम बाहेर पडायच्या महिनाभर आधी दुसऱ्या प्रकल्पावर बदली होते आणि श्रेयनामावलीतून नाव जातं. नव्या माणसाच्या पुढच्या नोकरीसाठी ते नाव पगाराइतकंच मोलाचं. अप्रेझल त्याच लीडच्या हातात राहतं.

यासाठी अंतरिम संरक्षण मागायचं, तेही तक्रारीबरोबरच आणि लेखी: दोघांपैकी कुणाची तरी बदली, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त ३ महिन्यांपर्यंत रजा, आणि समोरच्यानं तुमच्या कामाचं मूल्यमापन करू नये असा आदेश. तिसरी मागणी लोक विसरतात, आणि गेम स्टुडिओत तीच सर्वांत कामाची. बदली तुमचीच सुचवली जात असेल तर प्रकल्पावरचं श्रेय अबाधित राहील, असं मेलवर लिहून घ्या. तक्रारीआधीचे कौतुकाचे मेल आणि मागची मूल्यमापनं जपा. नंतर अचानक घसरलेला शेरा त्यांच्याशेजारी ठेवला की वेगळं काही सांगावं लागत नाही.

पोलीस, अपील आणि सही

समितीकडे गेलात म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असं नाही. दोन्ही रस्ते एकाच वेळी चालतात, आणि तक्रार द्यायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या प्रसंगांना भारतीय न्याय संहिता लागते: लैंगिक छळ कलम ७५, पाठलाग कलम ७८, शब्द वा हावभावांनी विनयभंग कलम ७९. स्पर्श, बळजबरी, धमकी किंवा खासगी चित्रं पसरवणं असेल तर समितीच्या अहवालाची वाट पाहू नका.

समितीच्या शिफारशी पटल्या नाहीत, किंवा मालकानं त्या अमलात आणल्या नाहीत, तर ९० दिवसांत अपील. समितीच न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या स्टुडिओच्या हिशेबात ही रक्कम कॉफीच्या यंत्राएवढी. म्हणून दंडाच्या भीतीपेक्षा लेखी पाठपुरावा जास्त चालतो.

राजीनामा देताना समोर येणारा कागद नीट वाचा. अ‍ॅक्टिव्हिजननं फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाला ३ कोटी ५० लाख डॉलर दिले. त्याची दोन कारणं होती. एक, गैरवर्तनाच्या तक्रारी गोळा करून वरपर्यंत पोचवणारी पुरेशी व्यवस्था कंपनीकडे नव्हती. दुसरं, आयोगाकडून माहितीची विचारणा झाली तर आधी कंपनीला कळवा, अशी अट सोडून जाणाऱ्यांच्या करारात घातली होती. तुमच्या कागदात ‘कुठल्याही प्राधिकरणाकडे तक्रार करणार नाही’ अशी ओळ असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा आणि ती काढायला सांगा.

तडजोडीची पहिली रक्कम शेवटची नसते, हे रायट गेम्स या अमेरिकी गेम कंपनीच्या प्रकरणात दिसलं. २०१९ मध्ये महिला कर्मचाऱ्यांच्या सामूहिक दाव्यात १ कोटी डॉलरवर तडजोड ठरली होती. कॅलिफोर्निया राज्याच्या विभागानं ती फारच कमी म्हणून आक्षेप घेतला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आकडा १० कोटी डॉलरवर गेला. त्यातले किमान ८ कोटी महिलांना, आणि त्यात कंत्राटी महिलाही होत्या.

अमेरिकेत काम करत असाल तर

घड्याळं वेगळी आहेत. कॅलिफोर्नियात राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रारीला ३ वर्षं मिळतात, केंद्रीय आयोगाकडे ३०० दिवस. काही राज्यांत केंद्रीय मुदत १८० दिवसच असते. नोकरीच्या करारात वाद खासगी लवादाकडेच नेण्याची सक्ती असू शकते. अशाच सक्तीविरुद्ध मे २०१९ मध्ये रायटचे कर्मचारी लॉस एंजेलिसमध्ये काम सोडून बाहेर आले होते. मार्च २०२२ च्या केंद्रीय कायद्यानं लैंगिक छळ आणि लैंगिक हल्ल्याच्या वादांत ती सक्ती कर्मचाऱ्यावर लादता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

एच-वन-बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसावर असाल तर राजीनामा रागात देऊ नका. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि तेवढ्यात नवी नोकरी लागली नाही तर देश सोडायची वेळ येते. आधी तक्रार दाखल करा, मग रोजगार आणि इमिग्रेशन दोन्ही विषयांच्या वकिलांशी बोला, मग राजीनाम्याची तारीख ठरवा. छळाविरुद्धचं संरक्षण व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून नसतं.

साक्षीदाराला बोलावलं तर

तुम्ही तक्रारदार नसून चाचणी कक्षात शेजारी बसलेले असाल, तर समितीचं बोलावणं तुम्हालाही येऊ शकतं. पाहिलं तेवढंच सांगा, ऐकीव असेल तर ‘ऐकलं’ म्हणून सांगा. तुमच्याकडचे त्या दिवसाचे संदेश पुसू नका, तक्रारदाराशी किंवा समोरच्याशी साक्षीची जुळवाजुळव करू नका, आणि कॅंटीनमध्ये एक शब्द बोलू नका, कारण गोपनीयतेचं बंधन साक्षीदारावरही आहे. जबाबाची सही करण्याआधी तो वाचा आणि स्वतःची तारीख स्वतःच्या हातानं घाला.